घरपोच दारूच्या नावाखाली साडेअकरा हजार गेले

एप्रिल २०२० ची गोष्ट. इस्लामपुरात एकाच कुटुंबात करोनाचे रुग्ण सापडल्यापासून आख्खा सांगली जिल्हा धास्तावला होता. वाईन शॉपची शटरं खाली होती. माझा थोरला भाऊ विश्रामबागेत राहतो. वीस वर्षं रोज संध्याकाळी पिणारा माणूस. घरातली शेवटची बाटली संपली आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे हात थरथरायला लागले. वहिनींनी चहा दिला तर कप बशीवर वाजत होता, निम्मा चहा लुंगीवर सांडला.

ते बघवेना म्हणून मी मोबाईलवर शोधायला बसलो. गावातल्याच एका दुकानाचं नाव, फोटो, खाली 'घरपोच सेवा' आणि नंबर. शिवाय 'दारूनं करोना मरतो' हेही लिहिलेलं. (हातावर चोळलेल्या सॅनिटायझरनं विषाणू मरतो. पोटात गेलेल्या दारूनं प्रतिकारशक्तीच ढासळते.) फोन लावला. "साहेब, निम्मे पैसे आधी टाका." दीड हजार पाठवले. मग म्हणाला, "नोंदणीचा क्यूआर पाठवलाय. स्कॅन करून पिन टाका, रक्कम लगेच परत येईल." पिन टाकला आणि दहा हजार गेले. नंतर फोन बंद.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपणच पैसे देतोय. आणि दारू घरपोच द्यायला राज्यात परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या मध्यात, म्हणजे त्या भामट्याकडं विकायला काही नव्हतंच. मी मात्र चार दिवस तक्रार केली नाही. दारू मागवताना फसलो, हे पोलिसांना कुठल्या तोंडानं सांगायचं? अशा लाजेवरच हे लोक जगतात. आता ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा नंबर आहे. असं काही घडलं तर त्याच क्षणी फोन करा, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत.

पैशाचं दुःख मी गिळलं. पण मी त्या नंबरवर दिवस घालवला आणि त्याच रात्री दादाला झटका आला. दातखिळी बसली, डोळे फिरले. मिरजेला नेलं. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. ती गोळ्या देऊन, देखरेखीखाली सोडवावी लागते, हे डॉक्टरांनी तिथं सांगितलं. दवाखाने तर पहिल्या दिवसापासून उघडे होते.

डॉक्टरांनी विचारलं, "हात कधीपासून थरथरत होते?"

वहिनी म्हणाल्या, "परवापासून."