पाम एम१०५ घ्यावा की नोकिया ई७१?

रोजची कामं, अपॉइंटमेंट आणि टिपणं आताच्या फोनमधून काढून एखाद्या जुन्या मशीनवर ठेवावीत असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यापुढे बहुतेक हे दोनच उरतात, निदान ओएलएक्सवर आणि ओळखीपाळखीत परवडेल अशा भावात जे मिळतं त्यात तरी. पाम एम१०५ म्हणजे पडद्यावर स्टायलसने, लेखणीसारख्या काडीने, लिहायचा खिशातला छोटा ऑर्गनायझर, फोन नव्हे, आणि ई७१ म्हणजे नोकियाचा बटणांचा जुना फोन. दोन्ही मी भरपूर वापरलेत आणि त्यातला एक अजून रोज खिशात असतो. कुठला ते कळेलच, पण ई७१ वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही.

टायपिंगला तर ई७१ सरळ पुढे आहे. २००८ चा फोन, जेमतेम ५७ मिलिमीटर रुंद, त्यावर पूर्ण क्वर्टी, म्हणजे कॉम्प्युटरसारखा कीबोर्ड, आणि एका हाताच्या अंगठ्याने सगळ्या बटणांपर्यंत पोचता येतं. पामला एक हात धरायला आणि दुसरा स्टायलसला असे दोन हात लागतातच. आता हे कुणाला महत्त्वाचं तर ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाणे ते नवी मुंबईच्या, लोकलने जाणाऱ्याला. ठाण्याहून गाडी सुटते, त्यामुळे ९-१० नंबर प्लॅटफॉर्मला थोडं लवकर गेलं की बसायला मिळतं आणि मांडीवर बॅग ठेवून पामवर निवांत लिहिता येतं, पण घणसोली किंवा कोपरखैरणेला चढत असाल आणि एक हात वरच्या कडीलाच असणार असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, ई७१ घ्या.

ग्राफिटीची, म्हणजे पामवर ठरावीक रेघांनी अक्षरं लिहायच्या पद्धतीची, भीती मात्र मनातून काढा. ए म्हणजे मधली रेघ नसलेला ए, टी म्हणजे आडवी रेघ ओढून उजव्या टोकाला खाली यायचं, एफ त्याच्या उलट. आठवडाभरात हात बसतो. एम१०५ वर जुनी ग्राफिटी आहे हे मला तरी चांगलंच वाटतं, कारण झेरॉक्सबरोबरच्या कोर्टकचेरीनंतर २००३ पासून जी ग्राफिटी २ आली तिच्यात टी, के, आय अशा काही अक्षरांना दोन-दोन रेघा लागतात आणि लय तुटते.

मराठीचं म्हणाल तर ई७१ वर मी रोमनमध्येच टाइप करायचो, 'aaichya golya' वगैरे, आणि ते वाचायला मला कधीच आवडलं नाही, म्हणजे देवनागरीत 'आईच्या गोळ्या' असं दिसायला हवं ना. पामवर देवनागरी फाँट नाही, पण नोटपॅड आहे, आणि त्यात स्टायलसने जे गिरवाल ते तसंच चित्र म्हणून राहतं. 'आईच्या गोळ्या' असं माझ्या अक्षरात, ळ ची गाठ थोडी फाकलेली, वर सोसायटीच्या चेकची रक्कम आणि खाली दोन रेघा, आणि त्याला अलार्म लावला की त्या वेळी तेच अक्षर समोर येतं. हे सर्च करता येत नाही हे खरं, पण घरच्या यादीत सर्च करायला असतं काय.

आता ज्यावर माझं ठरलं ते सांगतो, बॅटरी. ई७१ ला बीपी-४एल लागते, मूळची १५०० एमएएच, आणि कंपनीची ताजी आता मिळत नाही असंच धरून चाला. स्टेशनजवळ मोबाइलच्या दुकानात होलोग्राम लावलेली, वर १५०० छापलेली कुठलीतरी मिळते, दुकानदार 'ओरिजनल आहे' म्हणतो, पहिले काही दिवस बरी चालते, मग सकाळी फुल केलेली संध्याकाळी घरी येईपर्यंत अर्ध्यावर, मग एक दिवस मागचं स्टीलचं झाकण दाबलं तर बाजूचं लॅच लागेना. काढून टेबलावर ठेवली तर भोवऱ्यासारखी गोल फिरली, इतकी फुगलेली. दुसरी आणली तीही त्याच वाटेने गेली. दर थोड्या महिन्यांनी कुठल्या दुकानात बरी मिळेल याची चौकशी करत फिरायचं आणि फुगलेली बॅटरी घरात कुठे ठेवायची याची काळजी करायची, ह्याचा मला मनापासून वैताग आला.

एम१०५ ला रिमोटमधले बारीक सेल लागतात, दोन. खालच्या किराणावाल्याकडे मिळतात, काही आठवडे आरामात जातात, आणि संपले की बदलायचे, चार्जर वगैरे काही नाही. अल्कलाइनच घ्या, साधे सेल आमच्याकडच्या पावसाळ्यात गळतात आणि स्प्रिंगवर पांढरी पावडर धरते. रिचार्जेबल घातले तर ग्राफिटीतली शॉर्टकटची रेघ, दोन टॅप आणि ७ असं लिहिलं की सेलचा प्रकार बदलतो, नाहीतर चार्ज चुकीचा दिसतो.

पामचीही अडचण आहे आणि ती लपवण्यासारखी नाही. त्यातला डेटा रॅममध्ये असतो, सेल पूर्ण मेले की सगळं पुसलं जातं. बदलताना साधारण मिनिटभर मेमरी टिकते, तेवढ्यात नवे सेल बसवायचे, म्हणून आधी सोलून हाताशी ठेवायचे. ई७१ मध्ये ही भीतीच नाही, बॅटरी काढून कपाटात टाका, डेटा जागेवर. बॅकअपला एम१०५ ला सीरिअल केबल लागते, म्हणजे यूएसबीचा कन्व्हर्टर आला, लिनक्सवर जे-पायलट या प्रोग्रामने काम होतं. आणि पामचं कॅलेंडर २०३१ ला संपतं, त्याच्या पुढची तारीख टाकताच येत नाही.

ई७१ घेणाऱ्यांनी फोन म्हणून फार अपेक्षा ठेवू नये. जिओचं सिम चालणार नाही, एअरटेलचं टूजीवर चालतं. आताच्या बऱ्याचशा वेबसाइट उघडत नाहीत. जुनी अॅप टाकताना सर्टिफिकेट संपल्याचा मेसेज आला तर फोनची तारीख काही वर्षं मागे नेऊन टाकायची आणि मग परत लावायची.

तुमची सोय तुम्हाला माहीत, कुणाला क्वर्टीशिवाय जमणारच नाही तर मी वाद घालणार नाही. पण बसून लिहिणारे असाल आणि मशीन पुढची काही वर्षं कटकटीशिवाय चालावं असं वाटत असेल तर मी पामकडेच झुकेन. घेताना समोर नवे सेल घालायला लावा, नोटपॅड उघडून चारही कोपऱ्यांत रेघा मारून बघा, रेघ नेमकी स्टायलसखाली न उमटता बाजूला सरकत असेल तर आधी डिजिटायझर (स्पर्श ओळखणारा पडदा) कॅलिब्रेट करून, म्हणजे जुळवून, परत बघा, तरी सरकली तर सोडून द्या, दुसरा मिळेल.