बिलावर नवे बुश, आत सायकलची ट्यूब

दापोलीकडच्या एका ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या बिलात तीन ओळी होत्या: रॅक बुश (स्टीअरिंगचा रॅक चासीवर धरणारी रबरं), फिटिंग, अलाइनमेंट. आठ दिवसांत स्टीअरिंग पुन्हा डगडगायला लागलं. यू-बोल्ट सोडून पाहिलं तर तेलाने फुगलेलं जुनंच रबर, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी दोन वेढे गुंडाळलेली आणि वरून काळा रंग. ट्यूब सुरुवातीला घट्ट बसते, म्हणून गाडी ताब्यात घेताना काही कळत नाही. गरम इंजिनाशेजारी ती लवकरच चेपते.

रॅक म्हणजे स्टीअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दात्यांचा दांडा. या गाडीत त्याची नळी चासीवर दोन रबरी बुशांत बसते आणि प्रत्येकाला एक यू-बोल्ट आवळून धरतो. इंजिनाची गळती नेमकी तिथेच ठिबकते. रबर मऊ पडलं की स्टीअरिंग फिरवल्यावर चाकं वळण्याआधी अख्खा रॅकच बाजूला सरकतो. मालकाला वाटतं रॅक गेला, आणि गॅरेजवाला अर्थातच नाही म्हणत नाही.

तपासायला दोन माणसं लागतात, पैसा लागत नाही. इंजिन बंद, चाकं जमिनीवर, बॉनेट उघडं. एकाने स्टीअरिंग चार बोटं डावीउजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने रॅकच्या नळीवर बोट ठेवायचं. नळी चासीवर सरकली तर बुश गेले. नळी स्थिर आणि टाय रॉडच्या (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) सांध्यात टकटक, तर दोष सांध्यात. हे पाहिल्याशिवाय ‘रॅक ओव्हरहॉल’ला होकार देऊ नका.

बुश काही फार महाग नसतात. मिस्त्री टाळतो तो नट. कोकणातल्या खाऱ्या हवेत, त्यात चार महिने ताडपत्रीखाली उभ्या गाडीत, यू-बोल्टचे नट असे धरतात की जोर लावला तर बोल्टच तुटतो. म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे आणि नवे यू-बोल्ट, नट आधीच मागवून ठेवायचे. काम झाल्यावर नटाच्या कडांवर जुना गंज तसाच दिसला, तर तिथे पाना लागलेलाच नाही असं समजा. गाडी गॅरेजला देण्याआधी नट आणि चासी यांवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवा; परत आल्यावर ती अखंड असेल तर नट उघडलाच नाही. जुने बुश परत मागा, तेही सुरुवातीलाच सांगून.

दुसरी लबाडी ‘ओरिजिनल जुना स्टॉक’. मद्रासला पूर्वी बनणारी स्टँडर्ड हेराल्ड आणि स्पिटफायर एकाच कुळातल्या, त्यामुळे हेराल्डच्या नावाने बुश विकले जातात. दशकानुदशकं पडून राहिलेलं रबर पाकिटात नवंच दिसतं. नख रुतत नसेल, वाकवल्यावर बारीक चिरा उघडत असतील, तर घेऊ नका. पॉलियुरेथेन टिकाऊ. बुशांऐवजी बसवायचे ॲल्युमिनियमचे ठोकळे मात्र रेसच्या ट्रॅकवर ठीक. आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा मनगटात येतो.

बसवताना एक माप बहुतेक जण सोडतात. यू-बोल्टचा पकडपट्टा रॅकच्या नळीवरच्या कडेकडे सरकवून, मधलं रबर दाबून, पट्टा आणि कड यांच्यात 1/8 इंच, म्हणजे 3.17 मिमी फट ठेवायची आणि त्याच स्थितीत नट आवळायचे. दाब न देता आवळलं तर नवे बुशही आडवे खेळतात.

अलाइनमेंटचं म्हणाल, तर टाय रॉडचे लॉकनट हलवले नसतील तर टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल, बदलत नाही. रॅक जरा डावीउजवीकडे बसला तर फक्त स्टीअरिंग तिरकं उभं राहतं. बिलात अलाइनमेंट असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे मागा.

आणि हॉर्न. रबरातून वीज जात नाही, त्यामुळे रॅकचा चासीशी विजेचा संबंध तुटतो, म्हणून हॉर्नचं अर्थिंग रॅकवरून चासीला जाणाऱ्या एका छोट्या पट्टीने होतं. ती परत जोडायची राहिली की हॉर्न गप्प. मग तोच गॅरेजवाला नवा हॉर्न सुचवतो. आधी ती पट्टी शोधा.