कापसाचा पैसा : हप्त्याची गाडी की उश्र?
दिवाळीनंतर कापूस विकला की आमच्या यवतमाळकडच्या गावात दोन वाटा समोर येतात. पहिली शोरूमची : थोडे भरा, बाकी व्याजाच्या हप्त्यानं. वावरात जायला गाडी लागतेच, ती घेण्यात काही वावगं नाही. पण जुनी धड चालत असताना शेजाऱ्याकडे नवी आली म्हणून घेणं, ही कुरआनच्या १०२व्या सूरहमधली (अध्यायातली), ‘तकासुर’मधली, जास्तीच्या हव्यासाची चढाओढ, थेट कबरीपर्यंत नेणारी. वर व्याज, जे कुरआनच्या २:२७५ मध्ये (दुसरी सूरह, आयत २७५) हराम ठरवलं आहे.

दुसरी वाट उश्रची, म्हणजे शेतीच्या पिकातून गरजूंसाठी काढायच्या हिश्श्याची. कापणीच्या दिवशीच पिकातला हक्क द्या, असं ६:१४१ सांगतं. हदीसमधला, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमधला, हिशेब तर कास्तकाराची अडचण ओळखूनच केलेला : पावसावरच्या पिकाचा १०वा हिस्सा, पाणी ओढून दिलं असेल तर २०वा. म्हणजे कोरडवाहूवाल्यानं जास्त द्यायचं, ओलितवाल्याची पाण्यासाठीची मेहनत आणि खर्च धरलेला! १० क्विंटल कोरडवाहू तुरीतला १ क्विंटल गावातल्या गरजूंकडे गेला, तर दोन-तीन घरांची वर्षाची डाळ सुटते.

मला हीच वाट पटते. यंदा तुरीची पोती आधी बाजूला काढणार आहे. गाडीचं पुढच्या हंगामात, रोखीनं बघू.