दीड अंशाचा हेडसेट: लळिंगच्या दगडांवर १४ महिने

माझी सायकल जुन्या घडणीची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली. ॲल्युमिनियमची फ्रेम, हेड अँगल, म्हणजे पुढच्या फोर्कच्या दांड्याचा जमिनीशी होणारा कोन, ६८ अंश. साध्या रस्त्याला उत्तम, पण लळिंगच्या डोंगरावरून उतरताना पुढचं चाक दगडाला अडलं की हँडल हातातून फिरायचं. आमच्या धुळ्याकडे उतार म्हणजे मऊ मातीची पायवाट नव्हे. वर मुरूम, त्यात काळ्या दगडाचे सुटे गोटे, आणि मध्येच डाइक आडवे येतात. बेसाल्टच्या भेगांत शिलारस थिजून झालेल्या या भिंती धुळे-नंदुरबार पट्ट्यात पूर्व-पश्चिम लांबच लांब गेल्या आहेत. नवी फ्रेम परवडणारी नव्हती, म्हणून अँगल बदलणारा हेडसेट घ्यायचं ठरवलं. हेडसेट म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत (हेड ट्यूब) बसणारे वर-खालचे कप आणि बेअरिंग, ज्यांवर हँडल फिरतं. हा सेट फोर्क थोडा कलवतो, अँगल कमी होतो आणि चाक पुढे सरकतं.

यात दोन जाती आहेत. पहिलीत बेअरिंग एका गोलाकार कडेच्या रिंगेत बसतं, आणि ती रिंग कपमध्ये हवी तशी कलते. दुसरीत काहीच हलत नाही. कपच तिरका कोरलेला असतो. मी दोन्ही वापरले.

पहिल्या जातीचा सेट वापरलेला मिळाला. बसवायला सोपा, कारण रिंगा आपोआप एका रेषेत येतात. दीड महिना छान गेला. मग फुफाटा सुरू झाला आणि आवाजही. पुढचा ब्रेक दाबला की कर्र. उभं राहून पेडल मारलं की कर्र. लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी बकऱ्या चारणाऱ्या एका बाबांनी विचारलं, "काय व्हयनं भाऊ, सायकल काबरं वरडस?" उघडून पाहिलं तर रिंग आणि कप यांच्यामध्ये ग्रीस आणि बारीक धूळ यांची काळी पेस्ट झालेली. पुसून, नवं ग्रीस भरून बसवलं की तीन आठवडे शांतता, मग पुन्हा तेच. पाच महिन्यांत चार वेळा उघडला. तुटला काही नाही, ढिला झाला नाही. पण जितके सांधे जास्त तितक्या धुळीच्या जागा जास्त, आणि खान्देशात धूळ आठ महिने असते. शेवटी काढून टाकला.

गेल्या वर्षी मे महिन्यात तिरक्या कपचा सेट घेतला, दीड अंशाचा, म्हणजे अँगल तेवढा कमी करणारा. तो मागवताना हेड ट्यूबची लांबी मिलिमीटरमध्ये कळवावी लागते, कारण वरचा आणि खालचा कप मिळून एकच तिरकी रेषा तयार होते आणि ती रेषा ट्यूबच्या लांबीवर ठरते. माझी ट्यूब वर ४४, खाली ५६ मिलिमीटरची. तुमची कोणती ते आधी मोजा. बेअरिंग थेट फ्रेममध्ये बसत असेल तर पर्याय फार कमी उरतात.

खरी परीक्षा बसवतानाच असते. मी पहिल्यांदा घाई केली. लेथवाल्याकडून आट्यांचा रॉड आणि जाड वॉशर करून आणले, कप दाबले, झालं. वरचा कप थोडा फिरून बसला होता, ते डोळ्यांना दिसलंच नाही. वर-खालची बेअरिंगं एका रेषेत नसली की स्टिअरिंग एका जागी जड लागतं. तसंच झालं, आणि दोन महिन्यांत वरच्या बेअरिंगला गचके लागले. दुसऱ्या वेळी गवंड्याचा ओळंबा मागून आणला. फ्रेम सरळ उभी बांधली, दोर टॉप ट्यूबच्या (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीच्या) मधोमध सोडला, फ्रेमवर आणि दोन्ही कपांवर पेन्सिलीने बारीक खूण केली. थोडं दाबायचं, खुणा पाहायच्या, पुन्हा थोडं दाबायचं. पाऊण तास लागला. त्या दिवसापासून आजपर्यंत कपमधून एकही आवाज आलेला नाही.

मोबाइलच्या अँगल ॲपवर फरक दीडऐवजी साधारण सव्वा अंश निघाला. हा दोष नाही. चाक पुढे सरकतं तशी सायकलची पुढची बाजू किंचित खाली बसते आणि थोडा अँगल परत जातो. पेडलचा आस जिथे बसतो तो बॉटम ब्रॅकेटही खाली येतो, म्हणून डाइकच्या कडांवर पेडल आता जास्त आपटतं. चढावर संथ जाताना पुढचं चाक इकडेतिकडे भरकटतं; सीट पुढे घेतल्यावर ते बरंच आटोक्यात आलं. उताराचं मात्र काय सांगू! जिथे मी दर वेळी उतरून सायकल हातात धरायचो, तो गोट्यांचा टप्पा आता बसून पार करतो. चाक दगडाला भिडतं, पण वळत नाही.

खालचं बेअरिंग एकदा बदललं, फेब्रुवारीत. त्याला कारण हेडसेट नव्हे. पावसाळ्यानंतर एका ठिकाणी सायकल धुवायला दिली आणि त्यांनी प्रेशरचा फवारा थेट क्राउन रेसवर, म्हणजे खालचं बेअरिंग टेकतं त्या फोर्कवरच्या रिंगेवर, मारला. मी तिथे उभा असून थांबवलं नाही, याची अजून हळहळ वाटते. गावातल्या बेअरिंगच्या दुकानात व्हर्नियरने आतलं-बाहेरचं माप बरोबर निघालं, पण हेडसेटच्या बेअरिंगची कड ४५ अंशांत उतरती लागते, कारखान्याच्या बेअरिंगची तशी नसते. ते पुण्याहून मागवलं, आठ दिवस सायकल उभी. तेव्हापासून एक जोडी घरात ठेवलेली असते.

गेल्या रविवारी यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा उघडलं. खालच्या सीलपाशी चिखलाची एक बारीक रेघ होती, आत ग्रीस तसंच हिरवं. बेअरिंग बोटावर फिरवून पाहिलं, खरखर नाही. पेन्सिलीची खूण खालच्या कपवर अजून दिसते, आणि फ्रेमवरच्या खुणेसमोरच आहे.