फिफ्थ व्हील की ट्रॅव्हल ट्रेलर: सहा जणांच्या कुटुंबाने दोन्ही वापरून पाहिल्यावर

मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उपनगरातल्या आमच्या घरात उन्हाळ्यात सहा माणसे असतात: आम्ही दोघे, अकरा आणि सात वर्षांची दोन मुले आणि सांगलीहून तीन-चार महिन्यांसाठी येणारे आई-बाबा. मुलांना तंबूत झोपायला आवडते, पण सत्तरी ओलांडलेल्या आईला जमिनीवरून उठणे जमत नाही आणि रात्री स्वच्छतागृहासाठी झाडीतून चालत जाणे बाबांना नको वाटते. त्यांना घरी ठेवून आपण सरोवराकाठी जायचे हे आम्हाला पटत नव्हते, म्हणून चाकांवरचे घर घ्यायचे ठरले. स्वतःचे इंजिन असलेले मोटरहोम आम्ही लवकरच बाजूला ठेवले, कारण ते एकदा कॅम्पग्राउंडवर लावले की दूध आणायला जायलासुद्धा दुसरी गाडी लागते. उरले ओढून न्यायचे दोन प्रकार, फिफ्थ व्हील आणि ट्रॅव्हल ट्रेलर. एकाच उन्हाळ्यात दोन्ही एकेक आठवडा भाड्याने घेऊन आम्ही राहून पाहिले आणि त्यानंतर खरेदी केली. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

दोघांतला मूळ फरक जोडणीचा आहे. ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखाली बसवलेल्या हिचच्या, म्हणजे जोडणीच्या सांगाड्याच्या, गोळ्यावर टेकतो, त्यामुळे पुरेशी ताकद असलेली एसयूव्हीदेखील तो ओढू शकते. फिफ्थ व्हीलचा पुढचा उंच भाग मात्र पिकअप ट्रकच्या हौद्यावर येतो आणि त्याच्याखालचा जाड पोलादी खिळा, म्हणजे किंगपिन, हौद्यात बसवलेल्या हिचच्या जबड्यात अडकतो. हे नाव घोडागाडीच्या काळातले आहे. चार चाकांच्या बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्या वर एक आडवी लोखंडी चकती असे, तिलाच पाचवे चाक म्हणत. मुंबईत व्हिक्टोरिया चालत असत तेव्हा त्यांची पुढची चाके वळताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

ओढण्याच्या दृष्टीने पाहिले तर फिफ्थ व्हील निःसंशय सरस आहे. त्याचा भार ट्रकच्या मागच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे पडतो, त्यामुळे ट्रक आणि ट्रेलर एकजीव झाल्यासारखे चालतात. ट्रॅव्हल ट्रेलरचा गोळा मागच्या आसाच्या बराच मागे असतो. शेजारून मोठा मालट्रक गेला की हवेचा दाब आधी ट्रेलरला बाहेर ढकलतो, मग आत खेचतो, आणि मागून कोणी गाडीची शेपटी हलवत असल्याचा भास होतो. हे डोलणे वाढत गेले तर अपघात होतो. त्यावर उपाय म्हणजे भार विभागणारा आणि डोलणे आवरणारा हिच. त्याच्या पोलादी पट्ट्या मागे पडणारा काही भार उचलून गाडीच्या पुढच्या आसावर आणि ट्रेलरच्या चाकांवर टाकतात. तो नीट बसवून घेतला आणि सामान भरताना जड वस्तू ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवल्या नाहीत, तर ताशी ६० मैलांच्या आसपास प्रवास शांतपणे होतो. आम्ही त्याहून वेगाने जात नाही.

मग आम्ही फिफ्थ व्हील का घेतले नाही, याचे उत्तर चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या एका छोट्या पट्टीवर आहे. विक्रेते नेहमी गाडी किती पौंड ओढू शकते तो आकडा सांगतात, आणि तो आकडा ऐकायला मोठा आणि सुखद असतो. कुटुंबाने पाहायचा आकडा पेलोडचा आहे, म्हणजे गाडीच्या अंगावर माणसे, सामान आणि ट्रेलरचा टेकलेला भार मिळून किती वजन चालेल त्याचा. आमच्या आठ आसनी एसयूव्हीच्या पट्टीवर १,६५० पौंड लिहिले आहे. आम्ही सहा जण मिळून ७२० पौंड भरतो. हिचचे ९० आणि गाडीतल्या सामानाचे १०० धरले. ट्रॅव्हल ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार गोळ्यावर पडावा लागतो, त्यापेक्षा कमी पडला तर तो डोलतो. ५,६०० पौंडांच्या ट्रेलरचे साडेबारा टक्के म्हणजे ७०० पौंड. बेरीज १,६१० झाली, म्हणजे ४० पौंड उरले. हा हिशेब स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदावर मांडला तेव्हा ट्रेलर किती मोठा घ्यायचा हा प्रश्नच शिल्लक राहिला नाही. अनेक कुटुंबे आधी ट्रेलरच्या प्रेमात पडतात आणि मग गाडीकडे वळून पाहतात. माझी कळकळीची विनंती आहे की हा क्रम उलटा करावा.

फिफ्थ व्हीलमध्ये हाच भार १५ ते २५ टक्के असतो. आम्ही भाड्याने घेतलेले ३२ फुटांचे फिफ्थ व्हील भरल्यावर १०,८०० पौंडांचे होते. त्याचे २० टक्के धरले तरी २,१६० पौंड होतात. सामान्य अर्ध्या टनाच्या वर्गातले पिकअप, म्हणजे रस्त्यावर सर्वांत जास्त दिसणारे, इतके पेलोड सहसा देत नाहीत. त्यासाठी पाऊण टनाचा किंवा एक टनाचा ट्रक लागतो (ही वर्गांची जुनी नावे आहेत, प्रत्यक्ष पेलोड त्याहून जास्त असते). आम्ही आमच्या मित्राचा पाऊण टनाचा ट्रक त्याच्यासह मागून घेतला, कारण हौद्यातला हिच त्याच्याकडे आधीच बसवलेला होता. त्या ट्रकमध्ये पाच आसने. चालवायला मित्र, शेजारी मी, मागे मुले आणि त्यांची आई, त्यामुळे आई-बाबांना दुसऱ्या मित्राच्या गाडीतून यावे लागले. सहलीचा निम्मा आनंद गाडीतल्या गप्पांत, नातवंडांना सांगितलेल्या गोष्टींत आणि डब्यातल्या चिवड्यात असतो. तो त्या आठवड्यात आम्हाला मिळाला नाही. काही राज्यांत चालत्या फिफ्थ व्हीलमध्ये माणसांना बसू देतात हे खरे, पण मुले आणि वयस्कर माणसे पट्टा बांधून गाडीतच असली पाहिजेत याविषयी माझ्या मनात शंका नाही.

मुक्कामी पोहोचल्यावर मात्र फिफ्थ व्हीलने आम्हाला जिंकले होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आम्ही लडिंग्टन स्टेट पार्कमध्ये होतो, एका बाजूला लेक मिशिगन आणि दुसऱ्या बाजूला हॅमलिन लेक. संध्याकाळी बिग सेबल पॉइंटच्या काळ्या-पांढऱ्या दीपगृहापर्यंत चालून परत आल्यावर त्या उंच छताच्या बैठकीत सहा जण ऐसपैस बसत होतो. भिंतीचा भाग बाहेर सरकवणारे स्लाइड-आउट उघडले की आत खरोखरीच्या दिवाणखान्याइतकी जागा होते, खालच्या कप्प्यांत खुर्च्या, शेगडी आणि मुलांच्या सायकली मावतात, आणि पाण्याच्या टाक्या मोठ्या असतात. पहिल्या दिवशी स्लाइड-आउट अर्ध्यात अडकले आणि ट्रेलरच्या मालकाला फोन करून हाताने फिरवून बाहेर काढावे लागले. जितकी जास्त हलणारी यंत्रे, तितकी बिघाडाची ठिकाणे जास्त, हे तिथेच लक्षात आले. खरी अडचण वेगळी होती. मुख्य शयनकक्ष ट्रकवर येणाऱ्या उंच भागात असतो आणि तिथे जायला आतल्या आत पायऱ्या चढाव्या लागतात. तो आईबाबांना दिला, तर आईचे गुडघे दुसऱ्याच रात्री बोलू लागले. मग ती दोघे खालच्या सोफ्यावर झोपली आणि सर्वांत चांगली खोली आम्ही वापरली. हे आम्हाला आठवडाभर खटकत राहिले.

दुसरा आठवडा ट्रॅव्हल ट्रेलरचा. लांबी २६ फूट, पुढच्या टोकाला दुहेरी पलंग, मागच्या टोकाला एकावर एक दोन बंक, मध्ये जेवणाचे टेबल, जे रात्री मोडून झोपायची जागा होते. या रचनेला इकडे बंकहाउस म्हणतात आणि मुले असलेल्या घरांसाठी ती फार विचारपूर्वक केलेली आहे. दारातल्या तीन पायऱ्या चढल्या की पुढे सगळे एका पातळीवर. आई-बाबांना पलंग, मुलांना बंक, आम्हा दोघांना टेबलाची जागा. ऐसपैस नाही, आणि पाऊस लागला तर सहा जणांना एकाच वेळी उभे राहता येत नाही. पण हा ट्रेलर मागे जोडून आम्ही सगळे एकाच गाडीत बसून मॅकिनॉ पुलावरून मिशिगनच्या उत्तर भागात, अप्पर पेनिन्सुलात गेलो. १९५७ मध्ये खुला झालेला हा पूल पाच मैल लांब आहे आणि वारा वाढला की उंच गाड्यांना तिथे सावकाश किंवा सोबतीच्या वाहनाबरोबर जावे लागते. फिफ्थ व्हीलची उंची सहज साडेबारा-तेरा फुटांवर जाते, आमचा ट्रेलर अकरा फुटांच्या आत होता. तो दीड-दोन फुटांचा फरक वाऱ्यात, पेट्रोल पंपाच्या छताखाली आणि जुन्या कॅम्पग्राउंडमधल्या झाडांच्या फांद्यांखाली मनाला फार स्वस्थता देतो. टाक्वामेनन धबधब्याचे पाणी देवदारासारख्या वृक्षांच्या दलदलीतून येत असल्याने काळ्या चहाच्या रंगाचे असते, आणि बाबा त्याच्यासमोर बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. त्या दृश्यासाठी पुन्हा एकदा इतका प्रवास करायची माझी तयारी आहे.

आता स्वयंपाक, कारण इथल्या इंग्रजी परीक्षणांत आपल्या उपयोगाचे फार थोडे सापडते. मिशिगनच्या स्टेट पार्कांत जागेवर वीज मिळते, पण सांडपाण्याची जोडणी सहसा नसते. भांडी आणि आंघोळीचे पाणी ग्रे टँकमध्ये साठते, शौचालयाचे ब्लॅक टँकमध्ये, आणि निघताना डम्प स्टेशनवर दोन्ही रिकामे करावे लागतात. आमच्या ट्रेलरचा ग्रे टँक ३० गॅलनचा होता. वरण-भात, भाजी, पोळ्या अशा एका जेवणाची भांडी आपल्या पद्धतीने वाहत्या पाण्याखाली घासली तर तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरतो. शॉवरमधून मिनिटाला दोन गॅलन पाणी गेले तर तीन जणांच्या पाच-पाच मिनिटांच्या आंघोळीत तो एका सकाळीच भरेल. आईने पहिल्याच दिवशी बादली आणि तांब्या मागितला, भांडी आधी कागदाने पुसून मग दोन पातेल्यांत धुवायची पद्धत लावली, आणि आम्ही सर्वांनी आंघोळी कॅम्पग्राउंडच्या स्नानगृहात केल्या. तीन रात्री निभावल्या. फिफ्थ व्हीलमध्ये हा विचार करावा लागला नव्हता, आणि ज्यांना एकाच जागी आठवडाभर राहायचे आहे त्यांच्यासाठी हा त्याचा फार मोठा गुण आहे.

विजेचेही तसेच. लहान ट्रेलरना ३० अँपिअरची जोडणी असते, म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. वातानुकूलन चालू असताना इंडक्शनची शेगडी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की अंधार होतो. मोठ्या फिफ्थ व्हीलच्या ५० अँपिअरच्या जोडणीत दोन वेगळ्या तारांतून मिळून १२,००० वॅट मिळतात. आम्ही प्रोपेनवर प्रेशर कुकर लावतो आणि फोडणी बाहेरच्या शेगडीवर देतो. आत मोहरी तडतडली की धुराची घंटा वाजते आणि हिंगाचा वास गाद्यांत महिनाभर राहतो.

मागे घेणे हा नवख्या चालकाचा सर्वांत मोठा धसका असतो, म्हणून तेही सांगतो. फिफ्थ व्हील सावकाश प्रतिसाद देते आणि एकदा वळले की अंदाजाप्रमाणे जाते, मात्र पुढे जाताना वळणावर ते आतला कोपरा जास्त कापते. ट्रॅव्हल ट्रेलर लगेच वळतो आणि चूकही लगेच वाढते. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये दोन तास सराव केल्यावर मला ते जमले. उलट, जोडणी सोडवणे फिफ्थ व्हीलचे सोपे आहे, फक्त पुढे निघण्याआधी ट्रकचा मागचा फाळका खाली केला आहे ना हे पाहावे, नाहीतर तो चेपतो.

किमतीविषयी थोडक्यात. ट्रेलर उद्योगाचे मुख्य केंद्र असलेले इंडियानातले एल्कहार्ट आमच्यापासून सुमारे तीन तासांवर आहे, तिथे आणि घराजवळच्या दुकानांत आम्ही पाहिलेली नवी बंकहाउस तीस हजार डॉलरच्या आसपास होती, तर फिफ्थ व्हील पन्नास हजारांच्या पुढे, शिवाय त्याला लागणारा ट्रक वेगळा. आम्ही सहा वर्षे वापरलेला २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. जुना घेणाऱ्यांनी रंगापेक्षा पाण्याच्या खुणा पाहाव्यात: छताच्या कोपऱ्यांतला जोड, खिडक्यांखालची भिंत, शॉवरजवळची जमीन पायाखाली दबते का. दोन ट्रेलर आम्ही याच कारणाने नाकारले, त्यांतला एक दिसायला सर्वांत सुंदर होता.

ज्या कुटुंबात पाऊण टनाचा ट्रक आधीच दारात आहे, माणसे चार-पाच आहेत, पायऱ्या चढायला कोणाला त्रास नाही आणि एका जागी दोन-तीन आठवडे काढायचे आहेत, त्यांनी फिफ्थ व्हीलच घ्यावे. त्यांना मी ट्रॅव्हल ट्रेलर सुचवणार नाही. डोंगराळ आणि जुन्या उद्यानांत जाणाऱ्यांनी मात्र आरक्षणापूर्वी लांबीची मर्यादा वाचावी. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानाच्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलर २४ फुटांपर्यंतच चालतो, म्हणजे आमचासुद्धा तिथे बसत नाही, आणि ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब काहीच नेता येत नाही.

आमचा ट्रेलर ऑक्टोबरमध्ये नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारे द्रव, भरून गोदामात ठेवला आहे, कारण आमच्या वसाहतीच्या नियमांप्रमाणे तो घरापुढे उभा करता येत नाही. मिशिगनच्या स्टेट पार्कचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते. बाबांनी सांगलीहून विचारले आहे की या वेळी काळ्या चहाच्या धबधब्याजवळ तीनऐवजी पाच रात्री मिळतील का, आणि आई एक मोठी परात बरोबर आणणार आहे, भांडी धुण्यासाठी.