प्लास्टिकचा बॉक्स की पत्र्याची पेटी?

आधी जागा बघा, मग किंमत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. गच्चीवरच्या खोलीत किंवा बाल्कनीत थेट ऊन येत असेल, तर साधं प्लास्टिक काही उन्हाळ्यांत ठिसूळ होतं. झाकणाच्या क्लिपा आधी तुटतात. तिथे पत्र्याचीच पेटी. उंदीरही ती कुरतडू शकत नाहीत, म्हणून वर्षाचे गहू मी पत्र्याच्या कोठीतच भरते.

पण पेटी जड असते, आतलं दिसत नाही आणि ओल लागली की गंजते. कूलरजवळ तर नकोच. पावसाळ्यापूर्वी तिच्याखाली दोन विटा सरकवा.

पलंगाखाली स्वेटर, मुलांची पुस्तकं ठेवायला मात्र पारदर्शक, चाकांचा प्लास्टिक बॉक्स मला जास्त आवडतो. घेताना तळाशी त्रिकोणातला ५ आकडा शोधा, ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे टिकाऊ जातीचं प्लास्टिक. झाकण दाबून बघा, फार लवत असेल तर त्यावर दुसरा बॉक्स रचू नका. रेशमी साड्या थेट प्लास्टिकमध्ये कोंडू नका, ओल अडकून बुरशी येते. आधी सुती कापडात गुंडाळा.

बजेट एकाचंच असेल तर? फ्लॅटमध्ये प्लास्टिक, स्वतंत्र घरात पेटी.