जुना चिमुकला कॅमेरा की जुना घडीचा चाकू?

दोन्ही वस्तू मुठीत मावतात, दोन्ही उघडताना खट् वाजतात आणि दोन्ही पाहून घरचे एकच विचारतात, "हाई काय शे? नि कसाले?" पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर माझं मत आधीच सांगून टाकतो. फिल्म कापायची, भरायची आणि धुवायची हौस असेल तरच कॅमेरा घ्या. नाहीतर चाकू.

चिमुकल्या कॅमेऱ्यांत पहिलं नाव निघतं मिनॉक्सचं. वॉल्टर झाप यांनी १९३०च्या दशकात तो लाटव्हियातल्या रिगा शहरात घडवला. युद्धानंतर उत्पादन जर्मनीत गेलं. ओढला की भिंग उघडं, मिटला की झाकलेलं. या ओढ-मिटीतच फिल्म पुढे सरकते आणि शटर चढतं. फोकस २० सेंटिमीटरपासून, त्यामुळे कागदपत्रांचे फोटो काढायला उत्तम. अंतर मोजायला खुणा केलेली साखळीही मिळते. हेरांचा कॅमेरा ही ख्याती त्यातूनच. १९५८च्या मिनॉक्स बी मॉडेलला बॅटरी लागत नाही, लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजणारा काटा, सेलेनियमच्या सेलवर चालतो. मात्र इतक्या वर्षांत तो सेल मेलेला असू शकतो. उजेडाकडे धरल्यावर काटा हलतो का ते बघा. नाही हलला तरी शटर चालतं, म्हणून किंमत पाडून मागायला हरकत नाही.

आता अडचणी. उजेड आत घेणारं भिंगाचं छिद्र एफ ३.५वर कायम, म्हणजे लहान करता येत नाही, आणि शटरचा वेग जास्तीत जास्त १/१००० सेकंद. खान्देशातल्या भर उन्हात १०० आयएसओच्या (साधारण संवेदनशीलतेच्या) फिल्मला तेवढंही पुरत नाही, उजेड कमी करणारा कॅमेऱ्याच्या अंगचा फिल्टर पुढे सरकवावाच लागतो. निगेटिव्ह ८ × ११ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. ३५ मिलिमीटरच्या नेहमीच्या निगेटिव्हचं क्षेत्रफळ याच्या जवळजवळ दहापट. साहजिकच फोटो मोठा केला की धुळीचा एक कण ठळक डाग होऊन बसतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये धूळ काय असते ते सांगायला नको. चाळीसगावला छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस यांची टेबलटॉप, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेली, छायाचित्रं पाहून तुम्हाला असलं काही करावंसं वाटलं असेल, तर हा कॅमेरा त्यासाठी नाही. त्याला मोठी निगेटिव्ह हवी.

फिल्म जवळच्या दुकानात मिळणार नाही. ३५ मिलिमीटरची फिल्म अंधारात चिरून ९.२ मिलिमीटरची पट्टी करायची आणि जुन्या कॅसेटमध्ये, म्हणजे फिल्मच्या डबीत, भरायची. म्हणूनच कॅमेऱ्याबरोबर रिकाम्या कॅसेट मिळत नसतील तर सौदा सोडून द्या. कृष्णधवल फिल्म २० अंश तापमानाला धुतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला नळाचं पाणीच त्याहून कितीतरी गरम, म्हणजे बर्फ आणणं आलं. दिवाळी ते होळी हा खरा हंगाम.

माझी पसंती मिनॉक्सपेक्षा मिनॉल्टा-१६ला. नाव कमी, त्रासही कमी. १६ मिलिमीटरची फिल्म, १० × १४ मिलिमीटरची निगेटिव्ह, कॅसेट पुन्हा भरायला सोपी. अगदीच नवखे असाल तर कोडॅकने १९७२मध्ये आणलेली ११०ची फिल्म बरी. ती बंद डबीत येते, चिरायची भानगड नाही, आणि आजही नवी बनते. त्यासाठीचा १९७८चा पेंटॅक्स ऑटो ११० भिंगं बदलता येणारा आहे. पण बॅटरीशिवाय तो चालत नाही, म्हणून मला तो तितका भावत नाही.

चाकूचं गणित सरळ आहे. घेतला, पुसला, तेल लावलं, वापरला. इंग्लंडच्या शेफिल्डचे नि जर्मनीच्या झोलिंगेनचे पाठीच्या स्प्रिंगवर मिटणारे जुने चाकू, फ्रान्सच्या सव्हॉय भागातला १८९०पासूनचा ओपिनेल, स्विस सैनिकी चाकू यांतलं काहीही चालेल. पातं उघडून आडवं हलवा. डगडगत असेल तर नको. धार लावून लावून पातं अरुंद झालं असेल तरीही नको. पुढे स्वतः दगडावर धार लावा, फिरत्या चाकावर देऊ नका. तिथे जुनं पोलाद फुकट झिजतं. साधं कार्बन पोलाद कच्च्या केळीच्या चिकाने किंवा कैरीने काळं पडतं. तो काळेपणा गंज नव्हे, घासून काढू नका. लाल डाग दिसला तर मात्र त्याच दिवशी तेल.

बटण दाबताच पातं उसळणारा खटक्याचा चाकू टाळाच, उगाच पोलिसांच्या नजरेत भरतो. एरवी ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. खिशातला चाकू त्यात बसत नाही. तरी सणावारी पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघाला की चाकू घरीच ठेवा. विमानात तर हातातल्या बॅगेत चालणारच नाही. कॅमेऱ्याला हा जाच नाही, हे त्याच्या बाजूने मानलं पाहिजे.

दोन्ही घेणारच असाल तर एका डब्यात ठेवू नका. जुन्या चाकूंच्या रंगीत मुठी पुष्कळदा सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या असतात. ते उष्णतेने कुजतं, त्यातून निघणारी वाफ जवळच्या धातूला गंज चढवते, आणि आपल्याकडचं पत्र्याचं कपाट उन्हाळ्यात चांगलंच तापतं. चामड्याच्या म्यानातही चाकू कायमचा ठेवू नका, चामडं ओल धरतं. फिल्म फ्रिजमध्ये, कॅमेरा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, आणि सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू उघड्यावर, कापडात सैल गुंडाळून.